रुथवेलचा दगडी क्रूस: आत नेला ते बरं झालं का?

पाणथळ

ग्लासगोला येऊन सहा वर्षं झाली, पण इंग्लंडच्या शिवेला लागून असलेला खालचा स्कॉटलंड बघायचा राहूनच गेला होता. गेल्या महिन्यात सौ.नी ग्रेटना ग्रीनचा हट्ट धरला. (इंग्लंडातून पळून येऊन लग्न लावणाऱ्यांचं गाव. आमचं कांदेपोहे, पत्रिका, मानपान सगळं यथासांग झालेलं, तरी हौस.) तिथून डम्फ्रीजकडे निघालो आणि वाटेत मी हळूच गाडी रुथवेलला वळवली. पाटीवर रुथवेल, तिथले लोक मात्र ‘रिव्हल’ म्हणतात. मी तीनदा ‘रुथवेल’ म्हटल्यावर एका आजोबांना दया आली आणि त्यांनी रस्ता दाखवला.

गावाबाहेर शेतांमधे एक साधंसं चर्च आहे आणि त्याच्या आत साडेपाच मीटर उंचीचा दगडी क्रूस. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातला. तेव्हा हा मुलूख नॉर्थम्ब्रिया या अँग्लो-सॅक्सन राज्यात होता. रुंद बाजूंवर येशूचे आणि संतांचे प्रसंग कोरलेत, त्यांच्या कडेनं लॅटिन मजकूर. अरुंद बाजूंवर द्राक्षाची वेल, वेलीत बसून घड खाणारे पक्षी नि प्राणी, आणि वेलीच्या दोन्ही काठांनी रुन या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत जुन्या इंग्रजीतली कविता. कवितेत बोलणारा ‘मी’ म्हणजे खुद्द क्रूस! ‘क्रिस्ट वॅस ऑन रोडी’, म्हणजे ‘ख्रिस्त क्रुसावर होता’, एवढं एक वाक्य मी मोबाईलवरच्या तक्त्याशी ताडून दगडावर शोधलं. वीस मिनिटं लागली. सौ. तोवर गाडीत जाऊन बसल्या होत्या.

आता मुद्दा. हा क्रूस १८८७ साली आत आणला. छत पुरेना म्हणून भिंत फोडून एक अर्धगोल कोनाडा बांधला आणि जमिनीत चारेक फूट खड्डा करून त्यात उभा केला. त्यामुळे कठड्यापाशी उभं राहिलं की नजर एकदम मधल्या चित्रांवर जाते, पायथा बघायला वाकावं लागतं. त्याआधी चौसष्ट वर्षं तो पाळकांच्या घराच्या बागेत होता. त्याच्याही आधी तुकडे होऊन पडला होता, कारण १६४२ साली स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेनं ‘हे मूर्तिपूजेचं चिन्ह आहे, पाडा’ असा हुकूम काढला.

मला तिथं उभं असताना सारखं वाटत होतं की हा दगड कोंडलाय. तुम्हाला काय वाटतं? अशा गोष्टी उघड्यावर, लोकांत, ऊनपावसात असाव्यात की छताखाली?

खारीक_बदाम

सौ. गाडीतून काय म्हणाल्या ते आधी लिहा. क्रुसाचं नंतर बघू.

पाणथळ

‘दगड बघायला आणलंत होय’ एवढंच. पण नंतर त्याच आत आल्या आणि त्यांनीच मला मग्दालीया मरीयेचं चित्र दाखवलं. येशूचे पाय केसांनी पुसते आहे ती. क्रुसावरच्या मोठ्या चित्रांपैकी एक. तिचा हात बघा: शरीराच्या मानानं केवढाच्या केवढा जाड, कोपरात वाकलेला, आणि बोटं केसांत रुतलेली. सौ. म्हणाल्या, ‘हा फरशी पुसणाऱ्या बाईचा हात आहे, कोरणाऱ्यानं नीट बघितलेला दिसतो.’ मी इतकी पुस्तकं चाळली, हे कुठंच वाचलं नव्हतं.

टाकीचे_घाव

सुंदर धागा. आत नेला तेच बरं केलं, यात मला तरी शंका नाही. पुरावा तिथून गाडीनं तासाभरावर उभा आहे: इंग्लंडच्या हद्दीतला ब्यूकॅसलचा क्रूस. साधारण त्याच काळातला, त्याच शैलीतला. तो चर्चच्या आवारात जिथं रोवला तिथंच आजही आहे. डोकं नाही, नुसता खांब. त्यावरही रुन अक्षरं आहेत, पण वारा-पावसानं इतकी झिजलीत की मुख्य लेखातली नावं कोणाची यावर विद्वानांची दीडशे वर्षं जुंपली आहे. रुथवेलची कविता आपण वाचू शकतो. दोन्ही दगड वालुकाश्म. एवढंच मला पुरे.

उंबरठा

टाकीचे_घाव, तुमचा पुरावा तुमच्यावरच उलटतो बघा. रुथवेलची अक्षरं १८८७ नंतर छत मिळालं म्हणून राहिली नाहीत. त्याआधीची शेदोनशे वर्षं खालचा दगड चर्चच्या फरशीत आडवा पडला होता म्हणून राहिली. म्हणजे ज्यांनी फोडला त्यांनीच वाचवला! छताचं श्रेय त्यातलं थोडंच.

आणि ब्यूकॅसल मी पाहिला आहे. मेंढ्या, वारा, चहूकडे उघडे डोंगर, आणि मधे हा खांब. दक्षिण बाजूला त्यावर सूर्यघड्याळ कोरलेलं आहे, इंग्लंडात टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं. उद्या ते आत नेलं तर घड्याळ कसलं राहणार? ट्यूबलाईटखाली किती वाजले दाखवणार ते? त्या दगडाचा अर्धा अर्थ त्याच्यावर पडणाऱ्या उन्हात आहे.

कोपरखळी

स्कॉटलंडात काय नि आत काय, ऊन सारखंच.

पाणथळ

हाहा. कोपरखळी, जुलैत या एकदा. सलग तीन दिवस ऊन पडलं की इथं ऑफिसात त्याच्यावर चर्चा होते.

दुधीभोपळा

मला एक कळलं नाही. चर्चनंच क्रूस फोडायला सांगितला? स्वतःच्याच देवाचं चिन्ह? इस्कटून सांगा कोणीतरी.

टाकीचे_घाव

सांगतो. स्कॉटलंडात सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली आणि चर्च प्रेस्बिटेरियन झालं, म्हणजे बिशपांऐवजी पाळक नि वडीलधाऱ्यांच्या सभांनी चालणारं. त्यांच्या लेखी देवळातली चित्रं, पुतळे, कोरीव क्रूस ही सगळी कॅथलिक काळातली मूर्तिपूजा. १६४० साली अॅबर्डीनच्या महासभेनं अशी चिन्हं पाडण्याचा ठराव केला आणि १६४२ साली रुथवेलबद्दल हुकूम निघाला. तिथले पाळक होते गॅव्हिन यंग. हे गृहस्थ १६१७ पासून १६७१ पर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षं, त्याच गावात पाळक. त्या काळात राजे बदलले, एका राजाचं मुंडकं उडालं, चर्चचा कारभार बिशपांकडे गेला-आला-गेला, हे बाबा जागच्या जागी.

काहींच्या मते यंगनी हुकूम नुसता वरवर पाळला. क्रूस पाडला, पण चुरा केला नाही. तुकडे आतच राहू दिले, लोक त्यांच्यावर बसायचे म्हणे. १७७२ साली थॉमस पेनंट नावाचा प्रवासी आला तेव्हाही ते चर्चमधेच होते. नंतर कधीतरी दुरुस्तीच्या निमित्तानं बाहेर आवारात टाकले गेले आणि खरी झीज-मोडतोड तिथं सुरू झाली.

उंबरठा, हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी. उघड्यावर.

रेटून_बोल

आमच्याकडच्या फोडलेल्या देवळांवर धागा काढला की तो बंद होतो. इथं मात्र सातासमुद्रापलीकडच्या क्रुसासाठी गळे काढताहेत. चालू द्या.

उंबरठा

रेटून_बोल, गळा कोणी काढलेला नाही, खड्डा काढलाय. चार फुटी. धागा नीट वाचा.

खारीक_बदाम

काडी टाकून पळाला तो. आता येत नाही चार दिवस. पुढे चला.

शिल्लक_खाते

डंकनबद्दल कोणीच बोललं नाही अजून! मी निवृत्त बँकवाली, त्यामुळे रुथवेल म्हटलं की मला क्रूस नाही, पासबुक आठवतं. बागेत क्रूस उभा करणारे पाळक रेव्हरंड हेन्री डंकन म्हणजे बचत बँकेचे जनक. १८१० साली याच रुथवेलमधे त्यांनी गावातल्या मजूर-मोलकरणींसाठी बँक काढली. तेव्हा नेहमीच्या बँकेत खातं उघडायला दहा पौंड लागत. डंकन यांच्याकडे सहा पेन्स. आमच्या बँकेच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी त्यांचं नाव आलं होतं, आणि मी वहीत ‘डंकन, रुथवेल’ असं लिहिलेलं अजून आठवतंय. त्या माणसानं एक हजार वर्षांचा क्रूसही जोडलाय हे आज कळलं.

टाकीचे_घाव

शिल्लक_खाते, क्रूस आणि बँक एवढ्यावर थांबले नाहीत ते. जवळच्या कॉर्नकॉकल म्यूरच्या खाणीत दगडावर प्राण्यांची पावलं उमटलेली सापडली, डायनोसॉरच्याही आधीच्या सरपटणाऱ्या प्राण्यांची. त्यावर १८२८ साली एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला तो डंकन यांनीच. जीवाश्म पावलांवरचा हा पहिलावहिला शास्त्रीय निबंध मानतात. त्यांनी ऑक्सफर्डचे भूगर्भशास्त्रज्ञ बकलंड यांना नमुने पाठवले, तर त्या गृहस्थांनी ताडून बघायला मऊ मळलेल्या पिठावर जिवंत कासवं चालवली.

दुधीभोपळा

कणकेवर कासव!! बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, कणीक कोणी मळली त्याचं नाव इतिहासात नसेलच.

टाकीचे_घाव

वहिनींचं बरोबर आहे.

तर क्रुसाकडे. डंकन यांनी आवारातले आणि आतले तुकडे गोळा करून १८०२ साली घराच्या बागेत हलवले आणि १८२३ साली जोडून उभे केले. पण आडवे हात सापडेनात. मग त्यांनी गावच्या पाथरवटाकडून नवे हात घडवून घेतले, नक्षी आपल्या मनानं ठरवून. आज जे क्रुसाचे ‘हात’ दिसतात ते १८२३ चे आहेत. आणि सगळ्यात वरचा तुकडा उलटा बसवला गेला. पुढची बाजू मागे, मागची पुढे. तो अजून तसाच आहे.

कोपरखळी

म्हणजे दोनशे वर्षं मान मागे वळवून बघतोय बिचारा. बहुतेक ब्यूकॅसलकडे.

माई_डोंबिवली

पाणथळ, कविता म्हणालात ती पूर्ण मिळते का कुठे? आणि दगडच बोलतो आहे हे नीट समजलं नाही मला.

पाणथळ

माई, कवितेत बोलणारा क्रूस लाकडाचा आहे. रानाच्या कडेचं झाड होतो, मला तोडलं, माझ्यावर त्याला चढवलं, मी वाकू शकलो असतो, शत्रूंना चिरडू शकलो असतो, पण तशी आज्ञा नव्हती म्हणून ताठ उभा राहिलो, रक्तानं भिजलो, असं तो सांगतो. रुथवेलच्या दगडावर यातल्या मधल्याच काही ओळी आहेत. आख्खी कविता इटलीतल्या व्हर्चेली गावच्या एका हस्तलिखितात सापडली, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. म्हणजे दगड कागदाच्या, सॉरी, चामड्याच्या आधी अडीचशे वर्षं.

गंमत बघा, ते हस्तलिखित विद्वानांच्या नजरेस आलं १८२२ साली आणि डंकन यांनी क्रूस उभा केला १८२३ साली. एकाच कवितेचे दोन तुकडे वर्षभराच्या अंतरानं पुन्हा उजेडात आले, आणि दोघांचं एकमेकांशी नातं आहे हे कळायला आणखी वीसेक वर्षं गेली.

चकलीचा_सोऱ्या

तोवर लोक काय समजत होते मग त्या अक्षरांना?

टाकीचे_घाव

हा खरा मसाला. थोरलेव्ह रेप नावाचे एक आइसलँडचे पंडित एडिंबरात ग्रंथालयात होते. त्यांनी १८३२ साली आत्मविश्वासानं लेख ‘वाचला’ आणि ते दानपत्र ठरवलं. पाठोपाठ दुसरे आइसलँडचे पंडित फिन्नूर माग्नुसोन यांनी वेगळंच काही वाचलं. अखेर १८४० साली इंग्रज पंडित केम्बल आला. त्यानं सांगितलं की बाबांनो, ही तुमची नॉर्स (जुनी स्कँडिनेव्हियन) भाषा नाही, जुनी इंग्रजी आहे, आणि कविता आहे. पुढे व्हर्चेलीची कविता छापून हातात आली आणि त्याचं वाचन ओळीला ओळ जुळलं.

चुकायला एक कारणही होतं. अक्षरं लांब ओळीत नाहीत. चिंचोळ्या काठावर एकाखाली एक अशा दोन-दोन, तीन-तीन, फार तर चार अक्षरांच्या ओळी आहेत. शब्द कुठंही तुटतो. म्हणजे समजा एखाद्यानं तुळशीवृंदावनाच्या कडेला वरून खाली

वृं दा
व नी
उ भा

असं कोरत नेलं, मधे शब्दांत जागा सोडली नाही, आणि हजार वर्षांनी एखाद्या गुजराती पंडितानं ते सातबारा म्हणून वाचलं.

उंबरठा

सातबारा! मान गये.

मडगावचो_पाव

असंच वाचन आपल्याकडेही झालंय, तेही क्रुसाचंच. चेन्नईला सेंट थॉमस माउंट, म्हणजे परंगीमलै, तिथं १५४७ साली पोर्तुगीज पाया खणत असताना एक कोरीव दगडी क्रूस सापडला. भोवती कमानीसारखी अक्षरांची पट्टी. कोणालाच वाचता येईना. मग एका विद्वान ब्राह्मणाला बोलावलं. त्यानं त्या एवढ्याशा पट्टीतून संत थोमाची भलीमोठी कथा वाचून दाखवली! पोर्तुगीज खूश, पंडितजी खूश. प्रत्यक्षात ती लिपी पेहलवी, ससानी इराणची. एकोणिसाव्या शतकात बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्यानं हे जगापुढे आणलं. हल्लीचं मान्य वाचन साधारण असं: ‘प्रभू ख्रिस्ता, हे कोरणाऱ्या सीरियाच्या चहारबुख्तच्या मुलावर, अफ्रासवर दया कर.’ कारागिराची एका ओळीची विनवणी, आणि लोकांनी त्यात पुराण वाचलं.

तसेच क्रूस केरळात कोट्टायम, कडमट्टम वगैरे ठिकाणी आहेत. आणि आता खास तुमच्यासाठी, एक आमच्या गोव्यातही आहे. २००१ साली आगशीला, झुआरीच्या काठी, पिलारचे फादर कॉस्मे कॉस्ता यांना तो सापडला. आता पिलारच्या संग्रहालयात ठेवलाय.

दुधीभोपळा

आगाशी म्हणजे विरारच्या पुढचं ना?

मडगावचो_पाव

नाही हो! ती तुमची आगाशी, केळी-भाजीवाली. आमची आगशी, चोरीसवाली. गोवा वेल्हाच्या अलीकडे-पलीकडे. कदंबांची राजधानी गोपकपट्टण तिथंच, झुआरीवरचं बंदर. इराणी व्यापारी तिथं उतरत असतील तर त्यांचा क्रूस तिथं सापडण्यात नवल नाही.

पाणथळ, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आगशीचा क्रूस वाटेवरच राहिला असता तर आज दर वर्षी फेस्ताच्या आधी त्याला पांढरा चुना लागला असता आणि पेहलवी अक्षरं चुन्याखाली गुडुप. पिलारला नेला ते शंभर टक्के बरं.

माई_डोंबिवली

इराणी म्हणालात म्हणून. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की ‘कल्लियाना’त ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जातो. बरेच अभ्यासक हे आपलं कल्याण धरतात. आमच्या शेजारचं! आम्ही रोज तिथं लोकल बदलतो आणि पत्ता नाही.

आणि पेहलवी बघायची तर मुंबई सोडायची गरज नाही. कान्हेरीला नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पारशी प्रवाशांनी आपली नावं कोरून ठेवलीत, १००९ आणि १०२१ सालची. कडमट्टमच्या क्रुसावर लिहिणारे जीवनजी जमशेदजी मोदीही मुंबईचेच.

कोपरखळी

म्हणजे लेण्यात नाव कोरायची परंपरा १००९ पासून? ‘बंटी लव्ह पिंकी’वाल्यांना उगाच शिव्या देतो आपण.

माई_डोंबिवली

बंटीनं पेहलवीत कोरावं, मग माफ.

चुळणे_रोड

मी वसईचा, ख्रिस्ती. उशिरा येतोय धाग्यावर, पण इथं सगळे दगडाबद्दल बोलताहेत, क्रुसापाशी येणाऱ्या माणसांबद्दल कोणीच नाही, म्हणून लिहितो.

आमच्या आळीच्या तोंडाशी एक क्रूस आहे. फार जुना नाही, पणजोबांच्या वेळचा. खाली दगडावर घराण्याचं नाव आणि साल. मुंबई-वसईत असे पुष्कळ दिसतील, त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या वेळी उभारलेले. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी आळीतले सगळे तिथं जमतात, प्रार्थना होते, मग उकडलेले चणे वाटतात. लहानपणी आम्ही चण्यांसाठीच जायचो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचा निघाला. नोटीस आली, बैठका झाल्या, शेवटी क्रूस चाळीस पावलं आत सरकवायचं ठरलं. ठेकेदाराच्या माणसांनी पट्टे बांधून जेसीबीनं उचलला तर खालचा नावाचा दगड मधोमध तडकला. आता सिमेंट भरून जोडलाय, आडनावाच्या बरोबर मधून रेघ जाते. फादरांनी नव्या जागी पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. सगळं रीतसर झालं.

आमची आजी मात्र शेवटपर्यंत दोन्हीकडे थांबायची. आधी जुन्या जागी, जिथं आता वडापावची गाडी लागते, तिथं कपाळाला हात लावून क्रुसाची खूण करायची, मग नव्या क्रुसापाशी. वडापाववाल्याला पहिले काही दिवस वाटलं आपल्या धंद्याला आशीर्वाद देतेय. तो आजीला रोज हात जोडायला लागला. धंदा खरंच बरा चालतो त्याचा.

तर आत की बाहेर हा प्रश्न मला पटत नाही. रुथवेलला रविवारी त्या क्रुसासमोर माणसं बसत असतील तर तो कोंडलेला नाही. पिलारचा मी पाहिला नाही. पण काचेआड ठेवलेल्या क्रुसापुढे चणे कोण वाटणार?

खारीक_बदाम

चुळणे_रोड, नुसता वाचक होतो, तुमच्यासाठी लॉगिन केलं. (खोटं आहे, वर दोन प्रतिसाद माझेच आहेत. पण भावना समजून घ्या.)

मडगावचो_पाव

चुळणे_रोड, पटलं. पण अफ्रासच्या वंशातलं कोणी उरलं नाही हो आगशीला चणे वाटायला. मग काय करायचं त्या दगडाचं?

चुळणे_रोड

तेही खरं. तिथं मला उत्तर नाही. चुना नको एवढं मान्य.

शिल्लक_खाते

आमच्या सासरच्या गावी वीरगळ होते तीन. देवळाच्या जीर्णोद्धारात ते पायरीला लावले. पाय देऊन लोक वर जातात. मी दर वेळी पायरी चुकवून बाजूनं चढते, सासूबाईंना वाटायचं सुनेच्या गुडघ्याचं दुखणं आहे. गॅव्हिन यंगच्या चर्चमधे लोक क्रुसाच्या तुकड्यांवर बसायचे हे वाचून तेच आठवलं.

उंबरठा

आता मी माझी बाजू नीट मांडतो, नाहीतर टाकीचे_घाव झोपू देणार नाहीत.

‘मूळ जागा, मूळ जागा’ म्हणताना रुथवेलची मूळ जागा कुठली? १८८७ च्या आधी बाग. बागेच्या आधी आवार, त्याच्या आधी फरशी. १६४२ च्या आधी तो आत उभा होता की बाहेर, यावरच वाद. त्याच्या पुढे जाऊन फ्रेड ऑर्टन हे अभ्यासक म्हणतात की हा सुरुवातीला क्रूसच नव्हता, नुसता खांब होता. खालचा आणि वरचा दगड रंगानं वेगळे दिसतात, त्यामुळे डोकं मागाहून बसवलं असेल असं त्यांचं म्हणणं. मेव्हर्ट म्हणतात की रुन अक्षरं खांब उभा झाल्यावर मागाहून कोरली, म्हणूनच ती अशी तुटक ओळींत आहेत. उलट ओ कॅरागन यांच्या मते चित्रं, वेल, कविता हा सगळा एकाच डोक्यातून निघालेला बेत आहे. मला स्वतःला शेवटचं पटतं, कारण वेलीला एवढे रुंद कोरे काठ कोणी उगाच सोडत नाही. ते लिहायलाच सोडले असणार.

म्हणजे मी ज्या ‘बाहेर’साठी भांडत होतो ते बाहेर बहुतेक डंकन यांच्या बागेतलं. पन्नास टक्के माघार.

टाकीचे_घाव

उरलेल्या पन्नास टक्क्यांचं काय?

उंबरठा

ते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आयोना बेटासाठी राखून ठेवलेत. तिथला संत योहानाचा क्रूस वाऱ्यानं पुनःपुन्हा पडायचा. १९५७ च्या वादळानंतर मूळ तुकडे काढले, ते आता मठाच्या संग्रहालयात जोडून ठेवलेत, आणि जागेवर १९७० साली काँक्रीटची हुबेहूब प्रतिकृती उभी केली. मी दोन्ही पाहिले. संग्रहालयात मी पाट्या वाचल्या. बाहेर काँक्रीटच्या क्रुसाची सावली मठाच्या दारावर पडली होती, तिथं मी अर्धा तास बसलो. रुथवेललाही बागेत एक प्रतिकृती उभी करा, मग उरलेलेही देतो.

टाकीचे_घाव

मंजूर. पण वरचा तुकडा सरळ बसवायचा.

कोपरखळी

आणि उलटा बसवला तर ती अस्सल प्रतिकृती.

सोनकी

एक राहिलं. रुथवेलची एक दंतकथा वाचली होती. क्रूस समुद्रमार्गे आला, सोल्वेच्या खाडीच्या किनाऱ्याला प्रीस्टसाइडला लागला, बैलांच्या जोड्या लावून ओढत आणला, आणि एका जागी बैल हलेनात. मग तिथंच देऊळ बांधलं. वाचताना मला आमच्या गावच्या ग्रामदेवतेची गोष्ट आठवली, बैलगाडीचा कणा मोडला आणि देवी म्हणाली मी इथंच राहणार. दगडानं स्वतः जागा निवडायची ही गोष्ट दोन्हीकडे कशी?

चुळणे_रोड

सोनकी, आमचा जेसीबीनं उचलला त्यामुळे त्याला बोलायची संधीच मिळाली नाही.

शिल्लक_खाते

डंकन यांच्याबद्दल अजून एक आठवलं, क्रुसाच्या प्रश्नाशी जोडलेलं. १८४३ साली स्कॉटलंडचं चर्च फुटलं. डंकन फुटून निघालेल्यांच्या बाजूनं गेले, त्यामुळे पाळकाचं घर सोडावं लागलं. म्हणजे बाग सोडावी लागली, म्हणजे क्रूसही. वीस वर्षं तुकडे गोळा केले, वीस वर्षं तो खिडकीतून बघितला, आणि मग सामान बांधून निघाले. तीन वर्षांनी वारले. बचत खात्यातले पैसे माणूस काढून नेऊ शकतो, हे नाही नेता आलं.

पाणथळ

बाप रे. हे मला माहीत नव्हतं. तिथं बँकेचं छोटं संग्रहालयही आहे, मी उशीर झाला म्हणून टाळलं. आता परत जाणं आलं.

‘कोंडलाय’ हा शब्द मी मागे घेतो, चुळणे_रोडमुळे. पण पूर्ण नाही. दुपारी चर्चमधे आम्ही दोघंच होतो. मी बोललो तर आवाज घुमत होता म्हणून मग कुजबुजतच होतो. बागेत असता तर कुजबुजलो नसतो.

सोनकी

मी डिसेंबरात न्यूकॅसलला लेकीकडे येते आहे. चर्च उघडं असतं का? रविवारीच जावं लागतं का?

पाणथळ

आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं, शेजारच्या घरापाशी किल्ली ठेवलेली होती, तशी सूचना दारावर लावलेली. जायच्या आधी चौकशी करा, नियम बदलतात. आणि डिसेंबरात चारच्या आत पोचा, अंधार पडतो. टॉर्च न्या, बाजूनं तिरका धरा, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. थंडीत सोल्वेवर उत्तरेकडची हंसं उतरलेली असतात, हजारोंनी, ती जवळच केअरलॅव्हरॉकला बघा.

आणि रस्ता विचारताना ‘रिव्हल’ म्हणा.